सुई शेवटी

राजगुरुनगर

चि. बाळास,

पियानोचे फोटो आणि तुझा प्रश्न, दोन्ही मिळाले. ‘मामा, हॅमर रेनरचे घेऊ की आबेलचे, एवढंच सांग.’ एवढंच सांगून भागत नाही, म्हणून लिहायला बसलो. फोनवर तू नुसतं ‘हो, हो’ म्हणतोस आणि करतोस स्वतःच्या मनाचं. कागद निदान भिंतीला चिकटवता येतो.

दोन्ही कंपन्या जर्मन, दोन्हींचा माल चांगला. रेनर तर 1882 पासून या धंद्यात आहे. पण चाकणच्या टूलरूममध्ये नंबर सांगितला की पार्ट येतो, तसं इथे होत नाही. तुझा बेकस्टाइन शंभरी ओलांडलेला आहे. त्या काळचे हॅमर आजच्या मानाने हलके असत. हॅमरचं वजन पट्टीच्या टोकाशी येईपर्यंत साधारण पाचपट होतं. म्हणजे हॅमर दोन ग्रॅमने जड घेतलास की बोटाला दहा ग्रॅम जास्त लागणार. पट्टी खाली जायला पन्नास ग्रॅमच्या आसपास वजन पुरावं. ते साठच्या पुढे गेलं की वाजवणारा मनगट चोळत उठतो. मग दुरुस्तीवाला पट्ट्यांत शिसं भरतो. काट्यावर वजन बरोबर येतं, पण पट्टी सुस्त होते आणि जलद वाजवताना साथ सोडते. पुणे कॅम्पात एका घरी असा पियानो पाहिलाय. बाहेरून झकास पॉलिश, आत पट्ट्या शिशाने भरलेल्या. घरातली मुलगी शिकायला कंटाळायची आणि बोल तिलाच लागायचा.

तेव्हा आधी जुने हॅमर तोल. प्रत्येक सप्तकातले दोन-तीन घे आणि वही कर. घासून फेल्ट कमी झालेलं असेल, कसर लागलेली असेल, ते जमेला धरून अंदाज बांध. नंतर भोक कुठे आहे, ते कोणत्या कोनात पाडलंय, शेपटीची लांबी किती, हे मोज. एक सावधगिरी मात्र हवी. तुझ्या फोटोत मधल्या भागातल्या हॅमरचं लाकूड वेगळं दिसतंय. कुणीतरी ते मध्येच बदललेत. बदलणाऱ्याने माप चुकवलं असेल तर तू तीच चूक इमानेइतबारे उतरवशील. म्हणून माप पियानोतूनच काढ. तारेची उंची घे, हॅमरच्या दांडीच्या, म्हणजे शँकच्या, पिनेची उंची घे, फरक लिही. हॅमर तारेवर काटकोनात पडला पाहिजे. वरच्या शेवटच्या सप्तकात तो तारेवर नेमका कुठे पडतो याला फार महत्त्व आहे. तिथे मिलिमीटरभर मागेपुढे झालं तरी सूर खणखणीत लागतो किंवा नुसता लाकडाचा टक्‌ आवाज येतो. त्या भागात हॅमर पक्के चिकटवण्याआधी तात्पुरते बसवून, पुढेमागे सरकवून ऐक.

आता फेल्ट. 1826 मध्ये पॅरिसच्या पाप नावाच्या कारागिराने हॅमरला चामड्याऐवजी फेल्ट लावलं, तेव्हापासून हा मामला लोकरीचा झाला. आपल्या धनगरांच्या घोंगडीची लोकर भरड. पियानोला मेरिनोची बारीक लोकर लागते. फेल्टची जाड पट्टी लाकडावर दाबून वाकवतात. त्यामुळे बाहेरचा थर ताणलेला राहतो आणि आतला दबलेला. हळू वाजवलं की वरचा मऊ थरच तारेला लागतो आणि आवाज गोल येतो. जोरात वाजवलं की फेल्ट दबून कडक होतं आणि आवाज चमकतो. हॅमर चांगला की वाईट, ते या दोन टोकांमध्ये किती जागा आहे यावरून ठरव. हळूही कर्कश आणि जोरातही कर्कश, असा हॅमर कितीही महाग असला तरी माझ्या लेखी टाकाऊ.

जास्त उष्णता देऊन दाबलेलं फेल्ट कडक येतं, कमी उष्णतेतलं लवचीक राहतं. स्टाइनवेच्या दोन कारखान्यांतही यावर एकमत नाही. न्यू यॉर्कवाले मऊ हॅमर घेऊन पातळ लॅकरने कडक करतात, हॅम्बुर्गवाले कडक घेऊन सुईने मोकळे करतात. तुझ्या पियानोचा साउंडबोर्ड जुना आणि पातळ आहे. त्याला हलका, लवचीक, फार न दाबलेला हॅमर घे, असं माझं मत. लॅकरच्या बाटलीला हात लावू नकोस. आपल्याकडे ‘ब्राइट पाहिजे’ म्हणणारं गिऱ्हाईक भेटतंच, आणि बाटलीने दहा मिनिटांत ब्राइट होतंही. वर्षाने तोच माणूस कानात बोटं घालतो. पूर्ण संच मागवण्याआधी नमुन्याचे थोडे हॅमर मागव. खर्जात, मध्यात आणि वर बसवून ऐक.

सुई सगळ्यात शेवटी. आधी पट्ट्या-हॅमरचं रेग्युलेशन पूर्ण कर, ट्यूनिंग कर. मग पट्टी धरून डॅम्पर वर ठेव, हॅमर हलकेच तारांना टेकव आणि एकेक तार बोटाने छेड. तीनपैकी एखादी वाजत राहिली, तर हॅमर तिला टेकलेला नाही. आधी तारा एका पातळीत आण, मग गरजेपुरतं फेल्ट घास. निम्म्या ‘खराब’ स्वरांचं दुखणं इथेच निघतं. एवढं झाल्यावरही स्वर टोचत असेल तर सुई खांद्यात, आत लाकडाच्या रोखाने घाल. माथ्यावर खोल टोचलंस तर तो हॅमर मेला. दोन-चार वेळा टोच, हॅमरसकट ॲक्शन आत सरकव, ऐक, पुन्हा बाहेर काढ. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरा रस्ता नाही. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी काढताना घोडी अशीच थोडी घासतो, तार लावून ऐकतो, पुन्हा घासतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. एकदा जाऊन त्यांच्याजवळ दिवसभर नुसता बस.

आणि हे काम पावसाळ्यात करू नकोस. आषाढ-श्रावणात फेल्ट ओल धरतं आणि आवाज बसतो. तू तो उघडायला जाशील आणि थंडीत तोच पियानो किंचाळेल. शेवटचा हात दिवाळीनंतर, आणि पियानो कायमचा जिथे राहणार त्या खोलीतच फिरव. तुझ्या शेडच्या पत्र्याखाली सगळंच झगझगीत ऐकू येतं.

कानाचंही बघ. मुंबईला गेलास की धोबी तलावच्या फुर्ताडोसमध्ये वेगवेगळे पियानो हळू वाजवून ऐक. 1865 पासूनचं दुकान आहे, हाकलणार नाहीत. एनसीपीएमध्ये पियानोचा कार्यक्रम असेल तर तिकीट काढ आणि मागच्या रांगेत बस. तिथवर हळू वाजवलेलं कसं पोचतं ते ऐक.

या रविवारपर्यंत जुन्या हॅमरची वजनं आणि मापं लिहून पाठव. नमुने किती ग्रॅमचे मागवायचे ते त्यावरून ठरवू. आणि जुना एकही हॅमर टाकू नकोस, नंबर घालून डब्यात ठेव, सोबत डांबरगोळ्या.

तुझा
मामा