पॉलिहाऊसमधील शेवंती : एलईडी दिव्यांसाठी योग्य ड्रायव्हरची निवड

शेवंती हे लघुदिवसीय पीक आहे. रात्र लांबली की शाकीय वाढ थांबून कळ्या धरू लागतात. म्हणूनच फुलदांड्याची पुरेशी उंची मिळेपर्यंत साधारणतः रात्री 10 ते 2 या वेळेत कृत्रिम प्रकाश देऊन रात्र खंडित केली जाते. या काळात दिवे सलग काही रात्री बंद राहिल्यास त्यांखालील झाडांना अकाली कळ्या येतात, दांडे आखूड राहतात आणि फुलांची प्रत घसरते. एलईडी बंद पडण्यास अनेकदा डायोड नव्हे, तर ड्रायव्हर कारणीभूत असतो.

ड्रायव्हर 230 व्होल्टच्या एसी पुरवठ्याचे एलईडीस योग्य अशा डीसी पुरवठ्यात रूपांतर करतो. साध्या एलईडी बल्बमध्ये तो आतच असतो. पट्टी व मॉड्यूलसाठी मात्र स्वतंत्रपणे निवडावा लागतो.

निवडीचे निकष

1. प्रकार : 12 किंवा 24 व्होल्टच्या पट्टीसाठी स्थिर व्होल्टेजचा ड्रायव्हर लागतो. 700 मिलिअँपिअरसारखा विद्युतप्रवाह नमूद असलेल्या मॉड्यूलसाठी तेवढ्याच स्थिर प्रवाहाचा ड्रायव्हर घ्यावा. मॉड्यूलचे व्होल्टेज ड्रायव्हरच्या मर्यादेत असावे.

2. क्षमता : ड्रायव्हरवर त्याच्या क्षमतेच्या 80 टक्क्यांहून अधिक भार टाकू नये. प्रतिमीटर 14.4 वॅटची 5 मीटर पट्टी 72 वॅट घेते. 72 भागिले 0.8 म्हणजे 90 वॅट. म्हणून 100 वॅटचा ड्रायव्हर योग्य ठरतो.

3. संरक्षण : फॉगर व फवारणीच्या ओलाव्यामुळे आयपी 65 किंवा त्याहून वरचा दर्जा आवश्यक आहे. ग्रामीण भागातील कमी-जास्त दाब लक्षात घेऊन इनपुट व्होल्टेजची मर्यादा विस्तृत असावी आणि सर्ज संरक्षण असावे.

4. उष्णता : तापमान वाढले की ड्रायव्हरमधील कपॅसिटरचे आयुष्य झपाट्याने घटते. ड्रायव्हर छताच्या प्लास्टिकलगत न बसवता सावलीत, हवेशीर जागी बसवावा.

5. प्रमाणन : बीआयएस नोंदणी क्रमांक आणि आयएस 15885 (भाग 2, विभाग 13) हा उल्लेख लेबलवर पाहावा.

संपूर्ण पॉलिहाऊससाठी एकच मोठा ड्रायव्हर बसविण्याऐवजी वाफ्यांच्या गटनिहाय स्वतंत्र ड्रायव्हर बसवावेत. एक बिघडल्यास नुकसान त्या गटापुरतेच राहते. त्याच क्षमतेचा एक ड्रायव्हर राखीव ठेवावा. टायमरवर विसंबून न राहता दिवे लागल्याची प्रत्यक्ष फेरी मारून खात्री करावी. कारण चुकलेल्या रात्रींचा परिणाम कळी दिसल्यावरच कळतो आणि तोवर दांड्याची उंची वाढविण्याची संधी निघून गेलेली असते.