प्रीकास्ट कंपाउंडच्या धंद्यात फायदा नेमका कुठे आहे?

व्हिडिओत हिशोब जरा घाईत झाला, म्हणून इथे आकडे सावकाश लिहितोय. वही-पेन घेऊनच बसा.

प्रीकास्ट म्हणजे काय, हे आता कुणाला सांगायला नको. मुंबईतल्या मेट्रोचे गर्डर यार्डात ओतून रात्री ट्रेलरवरून आणलेले आपण पाहिलेत. अटल सेतूलाही असेच तयार भाग जोडलेत. आपला धंदा त्याचंच छोटं रूप: खाच असलेले पोल, आणि त्या खाचेत वरून सरकवायच्या प्लेटा.

फायदे विचारले की सगळे एकच सांगतात, काम लवकर होतं. बरोबर आहे, पण का लवकर होतं ते बघा. काँक्रीटला पूर्ण ताकद धरायला 28 दिवस धरतात. सातव्या दिवशी साधारण दोन तृतीयांश ताकद आलेली असते. हे दिवस प्रीकास्टमध्ये कमी होत नाहीत! फक्त ते गिऱ्हाइकाच्या प्लॉटवर न जाता तुमच्या यार्डात आधीच गेलेले असतात. गिऱ्हाईक पैसे देतं ते या आधीच झालेल्या थांबण्याचे.

आता उदाहरण. 10 गुंठ्यांचा चौकोनी प्लॉट, म्हणजे 10,890 चौरस फूट. चारी बाजू मिळून साधारण 417 फूट. गेट सध्या धरू नका. दर 7 फुटांवर पोल, म्हणजे 60 पोल. भिंत 6 फूट उंच, प्लेट 1 फूट उंचीची, म्हणजे एका गाळ्यात 6 प्लेटा. एकूण 360.

तुमच्याकडे प्लेटचे 30 मोल्ड आहेत आणि एक मोल्ड दिवसातून एकदाच भरतो. 360 प्लेटांना 12 दिवस. शेवटची प्लेट पक्की व्हायला आणखी 28. झाले 40 दिवस. एवढ्यात गवंडी पाया, वीटकाम, प्लॅस्टर सगळं करून मोकळा होईल! रिकाम्या यार्डावर ऑर्डर घेतली, तर तुमचा सगळ्यात मोठा फायदा तिथेच संपला. माल तयार असेल, तर हेच काम आठ-दहा दिवसांत उभं राहतं.

म्हणजे मोल्ड आणि व्हायब्रेटर टेबल घेऊन भागत नाही. किमान एका कामाचा माल कायम यार्डात हवा. 2 इंच जाडीच्या प्लेटा धरल्या तर एका गोणीत साधारण चार बसतात, पोल धरून या कामाला 110-115 गोण्या सिमेंट. वर सळई, खडी, क्रश सँड, मजुरी. तुमच्या गावचा आजचा दर लावा. जो आकडा येईल तेवढं भांडवल महिनाभर अडकणार आहे. बरेच जण कर्ज काढताना मशीनचा खर्च धरतात आणि हा विसरतात. मग पैशाची ओढ लागली की ओला माल बाहेर जातो.

हे मी गिऱ्हाईक म्हणून भोगलंय. माझ्या गोडाऊनला चार-पाच दिवसांच्या प्लेटा आल्या. एक प्लेट साधारण 80 किलोची, उतरवतानाच 11 तुटल्या. वर आणखी काही आठवड्यांनी केसासारख्या भेगा. सप्लायर म्हणाला, ‘हमालांनी आपटल्या.’ प्लेटवर तारीखच नव्हती, भांडणार कशावर? म्हणून सांगतो, प्रत्येक प्लेटवर ओतल्याची तारीख टाका. पीपीसी सिमेंट वापरत असाल तर किमान 10 दिवस पाणी चुकवू नका. यार्डात एक टाकी आणि एक माणूस ठेवला की हे जमतं. साइटवर उन्हाळ्यात टँकर मागवून पाणी कोण मारतंय?

भाड्याच्या जागेवर शेड टाकणाऱ्यांना आणखी एक गोष्ट नक्की सांगा. ही भिंत उकलून दुसरीकडे नेता येते. विटांची भिंत जागामालकाला सोडून यावी लागते. माझ्या मते छोट्या उद्योजकासाठी हा मुद्दा वेगापेक्षाही मोठा आहे.

काही कामांना मात्र सरळ नाही म्हणा. एका बाजूला मातीचा भराव असेल तर ही भिंत तो दाब घेणार नाही, तिथे रिटेनिंग वॉलच हवी. काळ्या मातीत मुरूम लागेपर्यंत खड्डा घ्या, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात पोल कलतात. खड्डा वाढला की पोलची लांबीही वाढते, ते कोटेशन देण्याआधी धरा. आणि रस्ता बघा! या कामाचा माल जवळपास 34 टन भरतो, म्हणजे मोठ्या ट्रकच्या दोन खेपा. ट्रक आत जात नसेल तर 80 किलोची प्लेट माणसांनी वाहायची, आणि ती मजुरी तुमच्या खिशातून.

या आठवड्यात तालुक्यातल्या दोन यार्डांवर गिऱ्हाईक बनून जा. ‘ही प्लेट कधी ओतली?’ एवढंच विचारा, आणि कोपऱ्यात सळई उघडी दिसते का बघा. काय दिसलं ते वहीत लिहून ठेवा. पुढच्या व्हिडिओत मोल्ड किती घ्यायचे ते आपण त्यावरूनच काढू.