कायदेशीर कागदपत्रांची तपासणी आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

आपल्या वस्तीतील अनेक मुलेमुली आज विधी महाविद्यालयात शिकत आहेत, ही समाधानाची बाब आहे. यांपैकी बहुतेकांच्या हाती मोबाईलवर कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन आले आहे. दस्त वाचायचा कंटाळा आला की फोटो काढायचा आणि यंत्राला सारांश विचारायचा, अशी सवय लागू पाहत आहे. मी वकील नाही. बँकेच्या कर्ज विभागात बसून खरेदीखते, सातबारे, फेरफार आणि वकिलांचे सर्च रिपोर्ट फायलीला लावण्यात माझी बरीच वर्षे गेली. त्या अनुभवाच्या आधारे आणि थोड्या वाचनाच्या बळावर प्रस्तुत विषयाची मांडणी करीत आहे.

यंत्राकडून कागद तपासून घेण्याची कल्पना आजची नाही. अमेरिकेतील दिवाणी दाव्यात दोन्ही पक्षांनी आपापल्याकडील संबंधित कागद एकमेकांना द्यावे लागतात. मोठ्या कंपनीकडे असे कागद लाखांनी असतात. पूर्वी वकिलांचे ताफे ते वाचत. पुढे संगणकात ठरावीक शब्द घालून शोध घेण्याची पद्धत आली. ही पद्धत किती भरवशाची आहे, याचा अभ्यास ब्लेअर आणि मॅरॉन या दोन संशोधकांनी १९८५ साली प्रसिद्ध केला. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील एका रेल्वे-अपघाताच्या दाव्यातील सुमारे ४० हजार कागद त्यांनी घेतले. संबंधित कागदांपैकी निदान ७५ टक्के आपल्याला मिळाले, असे वकिलांना वाटत होते. प्रत्यक्षात मिळाले होते सरासरी २० टक्के. कारण साधे होते. वकील ‘अपघात’ हा शब्द शोधत होते, आणि कागद लिहिणाऱ्यांनी त्याला कुठे ‘घटना’, कुठे ‘प्रसंग’, तर कुठे ‘अडचण’ म्हटले होते. आपल्याकडे तरी काय वेगळे आहे? एकच व्यवहार एका कागदात ‘गहाण’, दुसऱ्यात ‘तारण’, तिसऱ्यात ‘बोजा’ म्हणून येतो.

यावर उपाय म्हणून यंत्राला शिकवण्याची पद्धत निघाली. २०१२ साली न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात दा सिल्वा मूर विरुद्ध पब्लिसिस या दाव्यात न्यायाधीश अँड्र्यू पेक यांनी या पद्धतीला मान्यता दिली. स्त्री कर्मचाऱ्यांना डावलल्याचा तो दावा होता आणि सुमारे ३० लाख ई-मेल तपासायचे होते. यातली कार्यपद्धती विद्यार्थ्यांनी नीट समजून घेण्यासारखी आहे. प्रथम सर्व ई-मेलमधून २,३९९ कागद चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडायचे आणि ते माणसांनी वाचून ‘संबंधित’ की ‘असंबंधित’ ते ठरवायचे. त्यावरून यंत्र शिकणार. मग यंत्राने काढलेले निदान ५०० कागद वकिलांनी पाहून चुका दुरुस्त करायच्या, आणि अशा सात फेऱ्या घ्यायच्या. शेवटी यंत्राने बाजूला टाकलेल्या ढिगातून पुन्हा २,३९९ कागद उचलून, त्यात महत्त्वाचे काही सुटले नाही ना, हे माणसांनी पाहायचे. शिवाय ही सर्व तपासणी विरुद्ध पक्षाला दाखवायची. माझ्या मते शेवटची पायरी सर्वांत मोलाची आहे. यंत्राने दिलेले सगळेच तपासतात. त्याने जे दिले नाही तिकडे कोण पाहतो?

आजची बोलणारी यंत्रे या जुन्या यंत्रांहून वेगळी आहेत. ती कागद निवडून थांबत नाहीत, स्वतः वाक्ये रचतात. वाक्य सफाईदार असते, म्हणून ते खरे वाटते. २०२३ साली न्यूयॉर्कमध्येच एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने सांगितलेले निवाडे न्यायालयात सादर केले. ते निवाडे कधी झालेच नव्हते. वकिलाने त्या यंत्रालाच ‘हे खरे आहेत ना?’ असे विचारले होते, आणि यंत्राने ‘होय’ म्हटले होते! न्यायालयाने ५,००० डॉलर दंड केला. आपल्याकडेही ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकराचा एक निर्धारण आदेश रद्द केला, कारण त्यात आधाराला घेतलेले निवाडे अस्तित्वात नव्हते.

दुसरा मुद्दा गुप्ततेचा. अशील आपले कागद वकिलाकडे विश्वासाने देतो. ते कोणत्याही फुकट साधनात टाकले, तर कुठे साठवले जातील आणि कशासाठी वापरले जातील, यावर आपला ताबा राहत नाही. अमेरिकन बार असोसिएशनने जुलै २०२४ मध्ये दिलेल्या अभिमतात याचा स्पष्ट उल्लेख आहे : साधनाची पुरेशी माहिती घ्या, अशिलाची गुपिते सांभाळा, उत्तर स्वतः पडताळा. केरळ उच्च न्यायालयानेही जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरण काढून निर्णय देण्याच्या कामी अशा साधनांना मनाई केली. भाषांतर, लेखन अशा कामांना यंत्र जरूर वापरावे, मी त्याच्या विरोधात नाही. बँकेत संगणक आले तेव्हाही पुष्कळांनी कपाळाला हात लावला होता.

आता एक घरचे उदाहरण देतो. परिचयातील एका कुटुंबाला गावाकडे दोन एकर जमीन घ्यायची होती. माझा पुतण्या कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने सातबारा आणि जुन्या फेरफाराचे फोटो यंत्राला दिले. सारांश सुरेख आला : गट क्रमांक बरोबर, क्षेत्र बरोबर, नावे बरोबर, आणि ‘हस्तांतरणास अडचण दिसत नाही’ असा शेरा. इसाराची रक्कम दुसऱ्या दिवशी द्यायची होती. मी म्हटले, “अरे, सातबारा मोठ्याने वाच.” भूधारणा पद्धतीच्या रकान्यात ‘भोगवटादार वर्ग-२’ असे स्वच्छ लिहिले होते. हस्ताक्षरातील फेरफार यंत्राला लागलाच नव्हता. तो त्याने मुकाट्याने सोडून दिला, ‘वाचता आला नाही’ असे म्हटलेदेखील नाही. जमीन मूळची महार वतनाची. १९५८ च्या कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करण्याच्या कायद्याने ती वतनदाराला पुन्हा दिलेली आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून विकता न येणारी. आपल्या किती घरांच्या जमिनी याच वर्गातल्या आहेत, हे वाचकांना सांगायला नको.

“काका, मी त्याला विचारलं होतं,” पुतण्या म्हणाला. “त्याला विचारलंस, कागदाला विचारलं नाहीस,” मी म्हणालो. इसार थांबवला. त्या रात्री आम्ही दोघांनी फेरफाराची ओळ न ओळ भिंग घेऊन वहीत उतरून काढली. सकाळी ती वही घेऊन तो तलाठी कार्यालयात नकला मागायला गेला.