मुलांची पंचायत : कुंदापूरचा प्रयोग

६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ मध्ये मतदानाची वयोमर्यादा २१ वरून १८ वर्षांवर आली. त्याहून लहान मुलामुलींना मताधिकार नाही. परंतु पाणवठा, सरपण, शाळेची वाट, ओढ्यावरचा पूल या ज्या बाबींविषयी ग्रामपंचायत निर्णय घेते, त्यांचा रोजचा अनुभव मुलांना मोठ्यांइतकाच, किंबहुना काही बाबतींत अधिक असतो. मुलांशी संबंधित निर्णयांत त्यांचे मत विचारात घेतले जावे, हे तत्त्व संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या १२ व्या कलमात नमूद आहे. भारताने १९९२ मध्ये या संहितेस मान्यता दिली. हे तत्त्व गावपातळीवर उतरविण्याचा एक लक्षणीय प्रयोग कर्नाटकातील कुंदापूर तालुक्यात झाला.

त्याची सुरुवात शाळेतून झाली नाही, ही बाब महत्त्वाची आहे. ‘द कन्सर्न्ड फॉर वर्किंग चिल्ड्रेन’ या बंगळूरच्या संस्थेच्या साहाय्याने १९९० मध्ये काम करणाऱ्या मुलांची ‘भीम संघ’ ही संघटना उभी राहिली. पुढे याच मुलांच्या पुढाकारातून ‘मक्कळ पंचायत’, म्हणजे मुलांची पंचायत, आकारास आली. शाळेत जाणारी व न जाणारी, अशी दोन्ही मुले तिच्यासाठी मतदान करतात व निवडूनही येतात. आपल्याकडील शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक पुष्कळांच्या परिचयाची आहे. तिचा उपयोग नाकारण्याचे कारण नाही, पण तिची सत्ता शाळेच्या आवारापुरती आणि तिचा मतदार पटावरचा. फ्रान्समध्ये स्ट्रासबूर्गजवळील शिल्टिगहाइम या नगरात १९७९ या आंतरराष्ट्रीय बालवर्षात मुलांची नगरपरिषद स्थापन झाली व अनेक नगरांनी तिचे अनुकरण केले; तेथेही निवडणूक बहुधा शाळांतूनच होते. जेथे काही मुले दिवसभर गुरे राखतात किंवा धाकट्या भावंडांना सांभाळतात, तेथे केवळ शाळेत मतपेटी ठेवली, तर ज्यांची गाऱ्हाणी सर्वांत मोठी तीच मुले मतदानाबाहेर राहतात.

निवडून आलेली मुले पंचायतीपुढे केवळ मागणी मांडत नाहीत, तर आधी पाहणी करतात. या भागात पावसाळ्यात ओढे दुथडी भरून वाहतात. ते ओलांडण्यासाठी लाकडी ओंडक्यांचे अरुंद पूल असतात. कोकणात ज्याला साकव म्हणतात, त्यास तेथे ‘कालुसंक’ म्हणतात. निसरड्या ओंडक्यावरून लहान मुलांना, विशेषतः अपंग मुलांना, जाणे धोक्याचे. साहजिकच पावसाळ्यात शाळा बुडते. मुलांनी अशा पुलांची माहिती गोळा करून ती पंचायतीपुढे ठेवली. ‘पूल हवा’ हा अर्ज बाजूला सारता येतो. कोणत्या वाडीतील मुलांची वाट कोणत्या ओढ्याने अडते, याची यादी बाजूला सारणे अवघड जाते. दहाव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात (२००२-०७) उडुपी जिल्ह्यातील अनेक ग्रामपंचायतींच्या नियोजनात मुलांनी तयार केलेल्या योजनांचा अंतर्भाव झाला.

२००६ मध्ये कर्नाटक शासनाने ग्रामपंचायतींना ‘मक्कळ ग्रामसभा’ घेण्याविषयी परिपत्रक काढले व ही कल्पना राज्यभर गेली. अर्थात परिपत्रकाने सभा भरते, उत्तर मिळतेच असे नाही. मुलांनी प्रश्न विचारावेत, अध्यक्षांनी कौतुक करावे आणि खाऊ वाटून सभा संपावी, हे सहज घडू शकते. गेल्या वर्षीच्या मागण्यांपैकी कोणत्या पुऱ्या झाल्या, कोणत्या का झाल्या नाहीत, हे मुलांसमोर वाचून दाखविले जाते की नाही, यावरच सभेची परीक्षा होते. कुंदापूरच्या मूळ रचनेत यासाठी कृतिगटाची योजना होती. त्यात मुलांचे प्रतिनिधी, पंचायतीचे सदस्य व शासकीय अधिकारी एकत्र बसत; कारण साकव पंचायतीच्या आवाक्यातला असला, तरी माध्यमिक शाळेचा निर्णय तिच्या हाती नसतो.

याच रचनेत ‘मक्कळ मित्र’ आहे. ही प्रौढ व्यक्ती मुलांनीच निवडलेली असते. मालकाची मारहाण किंवा घरात ठरत असलेला बालविवाह या गोष्टी कोणतेही मूल भर सभेत उभे राहून सांगणार नाही. ती सांगण्यासाठी हा मित्र असतो.