पत्रा दिसतो, रिकॉल दिसत नाही

जुनी गाडी घेताना आपल्याकडे प्रश्न ठरलेले असतात. किती किलोमीटर झाली, मालक कितवा, अ‍ॅव्हरेज काय देते. मी कुडाळला राहतो, आणि ओळखीपाळखीत कुणी जुनी सेडान बघायला निघालं की त्याला आणखी एक प्रश्न विचारायला सांगतो: कंपनीनं या गाडीवर काढलेलं एखादं रिकॉल बाकी आहे का? या प्रश्नाचं उत्तर मिळवायला मला आख्खा पावसाळा आणि पुढची दिवाळी लागली. तेवढा वेळ दुसऱ्या कुणाचा जाऊ नये, म्हणून हे लिहितो आहे.

गाडी मुंबईची होती. पेट्रोल सेडान, कागद स्वच्छ, इंजिन गुळगुळीत. ती गावी आणल्यावर आमच्या गॅरेजवाल्याला दाखवली, तर तो बॉनेट उघडायच्या आधी जमिनीवर आडवा झाला. "काका, रंग ऱ्हवांदे, खाली वाकान बघा," म्हणाला. त्यानं टॉर्चच्या उजेडात जे दाखवलं, ते समुद्रालगत वापरलेल्या बहुतेक जुन्या सेडानमध्ये सापडतं.

सुरुवात दरवाजांच्या खालच्या कडेपासून करावी. काचेच्या बाहेरच्या रबरी पट्टीतून पावसाचं पाणी दरवाजाच्या आत जातंच. ते जाणार हे गृहीत धरूनच खाली निचऱ्याची बारीक भोकं ठेवलेली असतात. ती धुळीनं आणि पानाच्या कचऱ्यानं बुजली, की पाणी आत साठतं आणि पत्रा आतून बाहेर गंजत येतो. बाहेर रंगाला फोड दिसतो तेव्हा आतला पत्रा कधीच पातळ झालेला असतो. हे तपासायला यंत्र लागत नाही. काच बंद करून तिच्या कडेवर तांब्याभर पाणी ओतायचं आणि दरवाजाखाली बघायचं. थेंब पडायला लागले तर निचरा चालू आहे. खाली कोरडं राहिलं आणि दरवाजा हलवल्यावर आत पाणी डुचमळलं, तर तो दरवाजा कापून जोडावा लागणार असं धरूनच किंमत बोलावी.

सेडानची डिकी हा दुसरा अड्डा. वरचं कार्पेट उचलून स्टेपनी बाहेर काढायला लावा, विक्रेत्यानं कितीही कंटाळा केला तरी. मागच्या दिव्यांची गॅस्केट कडक झाली किंवा झाकणाचं रबर चपटं झालं, की पाणी थेट स्टेपनीच्या खड्ड्यात उतरतं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतं. वायपरखालच्या जाळीचंही तसंच. गाडी झाडाखाली उभी राहणारी असेल तर तिथला निचरा पानांनी तुंबतो आणि पाणी डॅशबोर्डमागून पुढच्या पायाखालच्या कार्पेटमध्ये झिरपतं. गाडीत बसल्याबसल्या कुबट वास आला, तर एअर फ्रेशनरवर विश्वास न ठेवता कार्पेटखाली हात घाला.

खरी गंभीर जागा म्हणजे दरवाजाखालचा लांब पट्टा आणि तिथले जॅक पॉइंट. दरवाजे रंगवून घेता येतात, पण हा पट्टा गाडीच्या सांगाड्याचा भाग असतो, धडकेचा जोर तो पेलतो. बोटानं दाबल्यावर पत्रा करकरला किंवा जॅक लावल्यावर आत दबला, तर ती गाडी मी कुणालाही घेऊ देणार नाही. अशा जागी विकण्याआधी काळं अंडरबॉडी कोटिंग मारून घेण्याची पद्धत आहे. स्वच्छ पत्र्यावर कोटिंग उत्तम. गंजावर मारलं तर ओल आत कोंडते आणि गंज झाकणाखाली वाढत राहतो. बाकी शरीर तसंच आणि खालची बाजू तेवढी नवीकोरी काळी दिसली, तर संशय घ्यावा.

छपराचा आणि बॉनेटचा वरचा चकचकीत थर सोलणं, हेडलाइट पिवळे पडणं, हे उन्हाचे परिणाम. दिसायला वाईट, पण त्यावर फार वेळ घालवू नका. त्यापेक्षा कुणाकडून तरी रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळवा. कंपनीचा मूळ रंग साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन असतो. एखाद्या भागावर आकडा दुप्पट आला तर तो भाग पुन्हा रंगवलाय, कित्येक पटींनी वाढला तर खाली पुट्टी आहे. आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. २००५च्या २६ जुलैनं मुंबईत, २०१९च्या पुरानं सांगली-कोल्हापुरात आणि २०२१च्या पुरानं चिपळुणात किती गाड्या पाण्यात गेल्या ते आपण पाहिलंय. आतून कितीही धुतलेली गाडी असली तरी गुंडाळलेल्या बेल्टच्या टोकाला मातीची रेघ राहते.

माझ्या गाडीचे दरवाजे आणि डिकी दुरुस्त झाली. खर्च झाला, पण तो डोळ्यांना दिसणारा, हिशोबात बसणारा खर्च होता. खरा प्रसंग आला तो आंबोली घाटात. भर पावसात चढाला, एका वळणावर इंजिन काहीही इशारा न देता बंद पडलं. मागे एसटी. इंजिन बंद झालं की स्टिअरिंग एकदम जड होतं, आणि ब्रेकच्या बूस्टरमध्ये उरलेली मदत एक-दोन दाबांपुरतीच असते. म्हणून अशा वेळी ब्रेक पुन्हा पुन्हा न मारता एकदाच घट्ट दाबून धरायचा, चारही इंडिकेटर लावायचे, हँडब्रेक ओढायचा आणि मग कुणाला तरी चाकामागे दगड ठेवायला सांगायचं. त्या दिवशी बायकोनं पावसात उतरून दगड ठेवला. एसटीचा ड्रायव्हर शहाणा माणूस, त्यानं अंतर राखून गाडी थांबवली होती. ते दोघं नसते तर काय झालं असतं याचा विचार मी आजही टाळतो.

गॅरेजवाल्यानं पेट्रोलचं प्रेशर मोजलं आणि म्हणाला, या मॉडेलच्या पंपाची तक्रार त्याच्या कानावर आहे, चासी नंबर टाकून बघा. आरसीवरचा सतरा अक्षरी नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकला आणि उत्तर आलं: रिकॉल बाकी. पंपाच्या आतली प्लॅस्टिकची चकती पेट्रोल शोषून फुगते, बाजूच्या भिंतीला घासते, प्रेशर पडतं आणि इंजिन चालत्या गाडीत बंद होऊ शकतं. कंपनीला हे माहीत होतं. कळवलंही होतं, पहिल्या मालकाला. त्यानं गाडी विकल्यावर तो निरोप वाऱ्यावर गेला.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. फॉर्म २९ आणि ३० भरून आरटीओत गाडी आपल्या नावावर झाली, म्हणजे सरकारी नोंद बदलली. कंपनीच्या वहीत त्यानं काहीच बदलत नाही. तिथे जुन्या मालकाचा मोबाइल आणि जुना पत्ताच राहतो. म्हणून गाडी नावावर झाली की त्याच आठवड्यात अधिकृत सर्व्हिस सेंटरला आरसीची प्रत देऊन मालकाचं नाव आणि नंबर बदलून घ्या. रिकॉल गाडीवर असतं, मालकावर नसतं. तिसऱ्या मालकालाही ते काम फुकटच मिळायला हवं.

पुढची गोष्ट उशिराची. आम्हाला जवळचं अधिकृत सेंटर गोव्यात. तिथे गेलो तर पार्ट नाही, "आला की फोन करतो." फोन आला नाही. पुन्हा गेलो तर आधीच्या भेटीची नोंदच नव्हती, कारण तोंडी बोलण्याला नोंद नसते. त्या दिवशी मी जॉब कार्ड बनवल्याशिवाय हललो नाही. त्यावर रिकॉलचा उल्लेख, पार्ट उपलब्ध नसल्याचा शेरा आणि सही घेतली. मग कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल केला: चासी नंबर, जॉब कार्डचा फोटो, घाटात गाडी बंद पडल्याचा तपशील आणि एक सरळ प्रश्न, ही गाडी चालवणं सुरक्षित आहे का, हे लेखी कळवा. या प्रश्नानं सगळं हललं. तोवर गोड बोलून वाट बघायला सांगणाऱ्यांनी तक्रार क्रमांक दिला आणि पंप माझ्या नावानं मागवला गेला. तरीही तो बसेपर्यंत दिवाळी उलटली होती. मधल्या काळात मी घाट टाळला, हायवे टाळला, गाडी फक्त गावात फिरवली.

पार्टची टंचाई खरी असते हेही मान्य करायला हवं. तकाता कंपनीच्या एअरबॅगचं प्रकरण जगाला आठवत असेल. एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर परत मागवावे लागले, २०१७ साली कंपनी दिवाळखोरीत गेली आणि बदली भाग पुरे पडेनात. आतलं अमोनियम नायट्रेट उष्ण आणि दमट हवेत वर्षानुवर्षं राहून बिघडत होतं, म्हणून तिथल्या यंत्रणेनं दमट किनारी भागातल्या गाड्यांना पहिला नंबर दिला. आपल्या कोकणात हवा तशीच आहे, पण इथे असा नंबर लावणारं कुणी नाही. म्हणून पाठपुरावा आपल्यालाच करावा लागतो, आणि एअरबॅगचं रिकॉल बाकी असलेली गाडी असेल तर तो दुप्पट जोरानं करावा.

आपल्याकडे २०१२पासून कंपन्या स्वेच्छेनं रिकॉल जाहीर करतात. १ एप्रिल २०२१पासून सक्तीच्या रिकॉलचा नियमही लागू आहे. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांबद्दल ठरावीक संख्येनं तक्रारी आल्या तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं, आणि दंड एक कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. पण संख्या मोजली जाते ती नोंदवलेल्या तक्रारींची. घाटात बंद पडलेली गाडी ढकलून घरी नेली आणि गप्प बसलो, तर ती कुणाच्याच हिशोबात येत नाही. वाहन पोर्टलवर तक्रार नोंदवा. सेंटर दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न कागदाचा येतो, म्हणून जॉब कार्ड, ईमेल, तारखा एका फाइलीत ठेवा.

काम झाल्यावरही नुसतं "झालं" यावर गाडी ताब्यात घेऊ नका. बिलावर रक्कम शून्य असली तरी रिकॉलचा उल्लेख आणि बसवलेल्या पार्टचा नंबर हवा. घरी येऊन चासी नंबर पुन्हा वेबसाइटवर टाका आणि बाकी काही दिसत नाही याची खात्री करा. माझी गाडी आता भाच्याकडे आहे, तो सावंतवाडीहून बेळगावला तिनंच ये-जा करतो. किल्लीबरोबर मी त्याला ते शून्य रकमेचं बिल दिलं आणि सर्व्हिस सेंटरला फोन करून त्याचा मोबाइल नंबर नोंदवून घेतला.