सभाकंप

राजकोटच्या शाळेत मोहनदास गांधी नावाचा एक विद्यार्थी होता. शाळा भरण्याच्या वेळी तो बरोबर हजर होई आणि शाळा सुटताच धावत घर गाठी. घरी निकडीचे काम असे, म्हणून नव्हे. वाटेत कोणी बोलेल, थट्टा करील, या धास्तीने तो धावे. पुस्तके व धडे हेच त्याचे सोबती होते.

वय वाढले की असला संकोच आपोआप गळून पडतो, असे पुष्कळांस वाटते. मोहनदासांच्या बाबतीत तसे झाले नाही. १८८८ साली ते बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेस गेले. तेथे शाकाहारी मंडळाच्या कार्यकारी समितीवर त्यांची निवड झाली; परंतु बैठकीत त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे. एकदा त्यांनी आपले मत कागदावर लिहून नेले, पण तेही त्यांना वाचवेना. अध्यक्षांनी ते दुसऱ्याकडून वाचवून घेतले. पुढे व्हेंटनर या गावी भाषणाचा प्रसंग आला. लिहून आणलेला मजकूर जेमतेम एक पान होता. तरी डोळ्यांपुढे अंधारी आली, अंग कापू लागले. तेव्हा त्र्यंबकराय मजमुदार यांनी तो कागद वाचून दाखविला. मुंबईच्या न्यायालयात पहिल्याच खटल्यात साक्षीदारास एकही प्रश्न न विचारता ते खाली बसले आणि घेतलेली तीस रुपये फी त्यांनी परत केली.

अशा माणसास भित्रा म्हणणे सोपे आहे. पण ते न्याय्य नाही. संकट दिसताच छाती धडधडते, तोंडास कोरड पडते. शरीर आपले रक्षण करू पाहत असते. सभाकंप झालेल्या माणसाचे शरीर चार लोकांच्या नजरेलाच संकट समजते. 'त्यात काय एवढे?' असे म्हटल्याने ती धडधड थांबत नाही. शाळेत जाणे वा मित्रांत बसणेही नकोसे होऊ लागले, तर ते घरच्या वडील माणसांस किंवा शिक्षकांस सांगावे. मानसोपचारतज्ज्ञांपाशी यावर उपाय आहेत. प्रथम एका ओळखीच्या माणसापुढे, मग दोघातिघांपुढे, असे ते पायरीपायरीने बोलावयास लावतात.

गांधीजींना असा तज्ज्ञ लाभला नव्हता. पण १८९३ साली दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया येथे त्यांना आपल्या देशबांधवांस काही सांगावयाचे होते. व्यापारातील सचोटी हा विषय त्यांनी नीट तयार केला आणि आयुष्यातील पहिले जाहीर भाषण त्या सभेत केले. पुढे अशा सभा वरचेवर भरू लागल्या. ज्यांच्यापुढे बोलावयाचे, ते आता ओळखीचे झाले होते.

तरीही संकोच समूळ गेला नाही. १८९६ साली दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांची गाऱ्हाणी मांडण्यासाठी मुंबईत मोठी सभा भरली. सर फिरोजशहा मेहता यांनी गांधीजींस भाषण आधी लिहून काढावयास सांगितले होते व ते रातोरात छापूनही घेतले होते. ही दूरदृष्टी कामी आली. गांधीजी वाचू लागले, तो आवाज कापू लागला. फिरोजशहा उत्तेजनार्थ 'मोठ्याने, आणखी मोठ्याने' म्हणत, आणि आवाज मात्र अधिकच खाली जाई! हेतू चांगला असला, तरी असल्या उत्तेजनाने कंप वाढतोच. अखेर जुने स्नेही केशवराव देशपांडे मदतीस धावले व त्यांनी कागद हाती घेतला. परंतु श्रोत्यांनी 'वाच्छा, वाच्छा' असा एकच गजर केला. तेव्हा दिनशा वाच्छा उठले आणि त्यांनी ते भाषण वाचले. सारी सभा शांतपणे ऐकत राहिली. आवाज वाच्छांचा होता. गाऱ्हाणे गांधीजींनी मांडलेले होते, आणि ते मुंबईकरांपर्यंत पोहोचले.