चिंगीला घरातच राहू दे

चि. सायली,


छोट्या ईराचे डोळे आले आणि त्याच आठवड्यात तुमच्या चिंगी कुत्रीच्या डोळ्यांतून चिकट पू यायला लागला, म्हणून तिला गावी सोडायचं घाटतंय, असं तू लिहिलंस. तिला सोडू नकोस. इतकी वर्षं जनावरांचे डोळे तपासतोय, त्या भरवशावर सांगतो.

पावसाळ्यात येणारी डोळ्यांची साथ, २०२३च्या जुलैत आळंदीला आली होती तशी, बहुधा माणसांच्याच विषाणूंची असते. डिस्टेंपरमध्ये कुत्र्याचे डोळे चिकटतात खरे, पण तो आजार आपल्याला होत नाही. ईराला ही साथ शाळेतून आली असण्याचीच शक्यता जास्त. जिवाणू क्वचित कुत्र्याकडून माणसाकडे येतात. म्हणून चिंगीचे डोळे पुसलेस की साबणाने हात धू, तिचा कपडा वेगळा ठेव. एवढं पुरे.

चिंगी पग आहे, त्यात वय झालेलं. या जातीत अश्रू आटण्याचा त्रास पुष्कळ, तिच्या पूचं कारण तेच असावं. डॉक्टरांना शिर्मर चाचणी करायला सांग. खालच्या पापणीत कागदाची पट्टी मिनिटभर धरतात. ती १५ मिलिमीटर किंवा जास्त भिजली तर ठीक, १० च्या खाली असेल तर डोळा कोरडा समजायचा. ईराचे थेंब मात्र तिच्या डोळ्यांत घालू नकोस. त्यात स्टेरॉइड असेल आणि बुबुळावर जखम असेल, तर डोळा फुटू शकतो.

मला खरी भीती वाटते ती तुमच्या सोसायटीतल्या वाळूच्या खड्ड्याची. भटक्या कुत्रीची पिल्लं तिथे असतात, असं तूच म्हणाली होतीस. पिल्लांना टॉक्सोकारा नावाचा जंत आईच्या पोटातच लागतो. त्याची अंडी शीतून पडतात, काही आठवडे मातीत मुरली की बाधक होतात. मूल मातीचे हात तोंडात घालतं आणि अळी आतड्यातून रक्तात, कधी थेट डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचते. डोळा लाल होईलच असं नाही, पू तर नाहीच. बहुधा एकाच डोळ्याची नजर हळूहळू जाते आणि लहान मुलाला ते सांगताही येत नाही. १९५० मध्ये हेलेनॉर वाइल्डर या अमेरिकन संशोधिकेने मुलांचे काढून टाकलेले डोळे तपासले, तेव्हा त्यांतल्या कित्येकांत अशा अळ्या सापडल्या. कर्करोगाच्या संशयावरून काढलेले डोळे होते गं ते! तेव्हा खड्डा झाकून घ्या, शी ताजी असतानाच उचला, पिल्लांना दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला जंताचं औषध द्या. चिंगीलाही दर तीन महिन्यांनी दे.

आणि रस्त्यावरच्या कुत्र्याची लाळ ईराच्या डोळ्यात गेलीच, तर वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं डोळा धू आणि त्याच दिवशी दवाखाना गाठ. चावा नसला तरी रेबीजची लस आणि सीरम दोन्ही लागतात. यात वाट बघायची नाही.

चिंगीची पट्टी किती भिजली ते फोन करून कळव. औषधाचं त्यावरून ठरवू.

तुझा,
मामा